नगरचा रेखांश

१५ डिसेंबर, सोमवार, भिंगार
दुकान उघडल्या उघडल्या जुनं चावीचं एचएमटी मोबाइलच्या वेळेला लावलं. आता दहा दिवस रोज चावी द्यायची, काट्यांना हात लावायचा नाही. नातवाला नगरचा रेखांश स्वतः मोजायचाय. चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय, पण इतकं गोड काम कुणी दिलं नव्हतं.

१८ डिसेंबर, गुरुवार
"आजोबा, नगरला समुद्राशी काय देणंघेणं?" असं विचारलं पोराने. आहे की! नगरच्या निजामशाहीचं बंदर चौल. त्या काळी अरबी समुद्रातले नाखवे 'कमाल' वापरत: गाठी मारलेली दोरी दातात धरायची, तिच्या टोकाची फळी डोळ्यांसमोर ताणायची आणि ध्रुव क्षितिजावर किती बोटं आहे ते पाहायचं. अक्षांश मिळाला! पण पूर्व-पश्चिम सांगायला असा थांबलेला तारा नाही. म्हणून आधी बंदराच्या अक्षांशावर यायचं, मग किनारा दिसेपर्यंत त्याच रेषेने जायचं.

१७०७ मध्ये इंग्रजांच्या आरमाराचा अंदाज चुकला. सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजं फुटली, हजाराहून जास्त माणसं बुडाली. १७१४ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने समुद्रात रेखांश काढून दाखवणाऱ्याला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. अट अशी की चूक अर्ध्या अंशाच्या आत हवी.

खरं तर हिशेब साधा आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. निघालेल्या बंदराची वेळ जहाजावर जपली आणि इथली दुपार सूर्यावरून काढली, की फरकातून रेखांश निघतो. आपल्या ज्योतिषांनाही हे ठाऊक होतं. ते उज्जैनच्या रेषेपासून देशांतर धरत. नगर तिथून पश्चिमेला साधारण एक अंश, म्हणजे दहा पळं. अडचण एकच: डोलत्या जहाजावर वेळ जपणार कोण?

२२ डिसेंबर, सोमवार
जॉन हॅरिसन. सुतार होता तो! उन्हाळ्यात बालकमानीचा जोर कमी होतो आणि घड्याळ मागे पडतं, हे मी दर एप्रिलला गिऱ्हाइकांना सांगतो. हॅरिसनने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. उष्णतेने पितळ जास्त वाढतं, पट्टी वाकते आणि बालकमानीची चालती लांबी आपोआप कमी करते. त्याचं चौथं घड्याळ जेमतेम १३ सेंटिमीटर रुंदीचं. १७६१ मध्ये त्याचा मुलगा ते जमैकाला घेऊन गेला. रोजची ठरलेली चूक वजा जाता ८१ दिवसांत फरक पाच सेकंदांचा! तरी त्या म्हाताऱ्याला बारा वर्षं झुलवलं. शेवटची मोठी रक्कम हातात पडली तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. हे वाचताना मला आजही राग येतो.

२५ डिसेंबर, गुरुवार
आज सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ जवळजवळ एक असते, म्हणून हाच दिवस धरला होता. अंगणात मीटरभर गज ओळंब्याने उभा केला आणि दोरीने १४० सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं. भर दुपारी सावलीची लांबी हलता हलत नाही, म्हणून ती वर्तुळाला सकाळी आणि दुपारी कधी टेकते ते पाहायचं. टोक दोन बोटं धूसर! पोरगं जमिनीला गाल लावून बसलं होतं. १०:१४ आणि २:५०. मध्य १२:३२. भारतीय वेळेची रेषा ८२.५ अंशांची, त्यातून ३२ मिनिटांचे ८ अंश गेले, उरले ७४.५. खरा आकडा ७४.७५. एका मिनिटाच्या चुकीने आमचं अंगण पंचवीसेक किलोमीटर पश्चिमेला, पारनेरच्या वाटेवर गेलं. तरी अर्ध्या अंशाच्या आत!

२६ डिसेंबर, शुक्रवार
काल रात्रीपर्यंत एचएमटी १ मिनिट ४० सेकंद मागे पडलं. पोराचा चेहरा उतरला. त्याला रोजची वही दाखवली: ९, ११, १०, १०... गारठ्याच्या रात्री फक्त ७. रोज ठरावीक मागे पडतं ते घड्याळ भरवशाचं, तेवढं मिळवायचं, झालं. मुंबईत १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली तीही बंदरातल्या जहाजांना नेमकी वेळ मिळावी म्हणूनच.

जानेवारीत एचएमटी घेऊन आम्ही चौलला जाणार आहोत, मोबाइल बंद करून. तिथे सूर्य भिंगारपेक्षा सव्वासात मिनिटं उशिरा माथ्यावर यायला हवा. गज कापडात गुंडाळून ठेवलाय.