रेघ आणि नजर

नृत्य आणि रेखांकन एकाच शरीरातून, एकाच वेळी घडवणाऱ्या कलावंतांविषयी लिहिले जाते तेव्हा चर्चा बहुधा वर्गवारीपाशी अडकते: हे नृत्य मानावे की चित्र, त्याची समीक्षा कोणी करावी, ते रंगमंचावर व्हावे की कलादालनात. जमिनीवर कागद अंथरून, हातात किंवा पायाच्या बोटांत कोळशाची कांडी धरून जे प्रत्यक्ष काम करतात, त्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. त्यांना छळणारा प्रश्न निराळा आणि फार चिवट आहे, तो म्हणजे रेघ उमटत असताना नजर कुठे असावी.

नजर रेघेवर पडली की मान झुकते, श्वास आखडतो, शरीराचा भार रेघ काढणाऱ्या अवयवाकडे सरकतो आणि पुढची हालचाल आधीच्या रेघेला पूर्ण करण्यासाठी होऊ लागते. बघणाऱ्याला त्या क्षणापासून चित्र काढण्यात गुंतलेली एक व्यक्ती दिसते, नाचणारे शरीर दिसेनासे होते. उलट, नजर समोरच्या भिंतीवरील एखाद्या बिंदूला बांधून ठेवली तर हालचाल शाबूत राहते, पण कागदाची दुर्दशा होते. खांदा, कोपर, मनगट, खुबा हे सांधे मुळात वळण्याफिरण्यासाठीच असल्याने न पाहता काढलेली जवळजवळ प्रत्येक रेघ कंस होऊन उतरते, आणि तासाभराच्या कामानंतर कागदावर एकावर एक पडलेले ताडाचे पंखे तेवढे उरतात. अशा कागदावर कष्ट दिसतात, हाताची लांबी दिसते, विचार दिसत नाही. पाहिलेली रेघ नृत्याला मारक आणि न पाहिलेली रेघ चित्राला मारक, या कात्रीतून सुटण्याचा पक्का मार्ग प्रस्तुत लेखिकेला आयुष्यभराच्या कामात सापडलेला नाही. आणि ज्यांचे काम तिने बारकाईने अभ्यासले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती कात्री आपापल्या परीने चुकवली आहे, असे तिचे मत आहे.

भरतनाट्यमच्या तालमीतून घडलेल्या शरीरात ही अडचण दुप्पट होते. नंदिकेश्वराच्या नावावर असलेल्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथाने हाताचा माग दृष्टीने आणि दृष्टीचा माग मनाने घ्यावा, असा क्रम घालून दिला, आणि आजही अडवू, म्हणजे शुद्ध नृत्ताचे मूळ घटक, शिकणाऱ्या मुलीला सुरुवातीपासून तेच सांगितले जाते. रिकामा हात पुढे जातो तेव्हा त्याच्या मागोमाग जाणारी दृष्टी सबंध अवकाश उजळून टाकते; त्याच हातात कोळसा आला की तीच दृष्टी तपासनीस होते. ही सवय मोडायला वर्षे लागतात, आणि मोडल्यावर रंगमंचावर परतलेल्या नर्तकीच्या डोळ्यांना बसायला जागा उरत नाही, हे नुकसान कोणी सांगत नाही.

परंपरेने हा प्रश्न ओळखला होता, असे मानायला जागा आहे. रांगोळी काढणारी बाई उकिडवी बसून मागे मागे सरकत जाते तेव्हा तिची नजर बोटांच्या चिमटीच्या पुढे असते आणि तिची प्रत्येक हालचाल रेघेच्या सेवेला जुंपलेली असते. तिला कोणी नर्तकी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. केरळातील कळमेळुत्तु या विधीत पाच रंगांच्या चूर्णांनी जमिनीवर देवतेची आकृती भरतात, आणि विधीच्या अखेरीस अंगात संचार झालेला माणूस नाचत ती आकृती पुसून टाकतो. आधी रेखाटन, मग नृत्य, आणि नृत्याच्या हातून रेखाटनाचा लोप: दोन्ही कलांना काळात वेगळे ठेवून तिथे नजरेचा पेचच येऊ दिलेला नाही. एकाच क्षणात दोन्ही हवे, हा हट्ट आधुनिक आहे.

तो हट्ट विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठळकपणे दिसू लागतो. जपानमधील गुताई या गटाचे काझुओ शिरागा छताला बांधलेल्या दोराला लोंबकळून पायांनी रंग ओढत असत. तोल सांभाळण्यातच सारे लक्ष गुंतत असल्याने पायाखालच्या रेघेची देखरेख करायला नजरेला उसंत मिळत नसावी, आणि त्यांच्या चित्रांचा जोम तिथून आला असावा. अमेरिकेत कॅरोली श्नीमन यांनी १९७३ ते १९७६ या काळात ‘अप टू अँड इन्क्लूडिंग हर लिमिट्स’ या कामात झाडे छाटणाऱ्यांच्या पट्ट्यात स्वतःला टांगून, हेलकावे घेत, भोवतालच्या कागदावर खडूने खुणा केल्या, तेव्हा त्यांनीही रेघेची सूत्रे लंबकाच्या गतीकडे सोपवली. या दोघांच्या मधे, ९ मार्च १९६० रोजी, पॅरिसमध्ये चित्रकार इव्ह क्लाइन यांनी विवस्त्र स्त्रियांना अंगाला निळा रंग लावायला सांगून त्यांचे ठसे कागदावर उमटवून घेतले. स्वतः ते औपचारिक पोशाखात उभे राहून सूचना देत होते आणि वाद्यवृंद एकच स्वर धरून होता. कलेतिहासात या प्रसंगाला मिळालेले स्थान प्रस्तुत लेखिकेला कधीच पटलेले नाही. शरीर एकाचे आणि नजर दुसऱ्याची, अशी वाटणी केली की अडचण संपते खरी, पण तिच्याबरोबर नृत्यही संपते; उरते ते ब्रशांना हुकूम सोडणाऱ्या माणसाचे चित्र.

त्रिशा ब्राउन (१९३६–२०१७) यांच्याकडे मात्र पुन्हापुन्हा परतावे लागते, कारण नजरेच्या प्रश्नावर इतक्या दीर्घकाळ आणि इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी काम केलेली दुसरी नर्तकी सहसा आढळत नाही. १९७५ च्या ‘लोकस’ या रचनेत त्यांनी शरीराभोवती एक काल्पनिक घन कल्पिला, त्यावर सत्तावीस बिंदू ठरवले, बिंदूंना अक्षरे दिली आणि एका लिखित मजकुराच्या अक्षरक्रमाने अवयव त्या बिंदूंकडे नेले. म्हणजे रेखांकन आधीच कागदावर झालेले होते आणि नाचणाऱ्या शरीराला ते बघण्याऐवजी स्मरणात ठेवायचे होते. पुढे २००२ च्या सुमारास ‘इट्स अ ड्रॉ’ या कामात त्या स्वतः जमिनीवरील मोठ्या कागदावर उतरल्या, हातापायांच्या बोटांत कोळसा आणि पेस्टल धरून लोळल्या, वळल्या, थांबल्या; फिलाडेल्फियातील प्रयोगात प्रेक्षकांना त्या दालनात प्रवेश नव्हता, शेजारून कॅमेऱ्यामार्फत ते पाहता येत होते. या योजनेचे मर्म फार थोड्यांनी ओळखले आहे. प्रेक्षक समोर असला की नर्तकीची नजर त्याच्यासाठी वागू लागते. प्रेक्षक हटवला की ती कागदाकडे पाहायला किंवा न पाहायला मोकळी होते, आणि हे पाहणे-न पाहणे हाच नृत्याचा विषय बनू शकतो. ब्राउन तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्या वयात नर्तकी जमिनीकडे का वळते, हे समजायला प्रस्तुत लेखिकेला स्वतःचे गुडघे झिजण्याची वाट पाहावी लागली.

चंद्रलेखा (१९२८–२००६) यांचा निर्णय याच्या नेमका उलट होता, आणि तो अधिक कठोर होता. ठाणे-पालघरकडच्या वाडा या गावी जन्मलेल्या आणि चेन्नईत काम केलेल्या या नर्तकीला रेखाटन, पोस्टर, ग्राफिक रचना ही सारी अंगे अवगत होती; तरीही १९८५ च्या ‘अंगिका’पासून २००१ च्या ‘शरीर’पर्यंत त्यांनी नर्तकाच्या हातात कधी कोळसा दिल्याचे दिसत नाही. भरतनाट्यम, योग आणि कलरीपयट्टू ही केरळची युद्धविद्या यांतून त्यांनी जी संथ, पाठीच्या कण्यावर उभी राहिलेली भाषा घडवली, तिच्यात त्रिकोण, वर्तुळ आणि सरळ रेषा शरीरातच काढल्या जातात आणि शरीर हलताच नाहीशा होतात. भास्कराचार्यांच्या गणितग्रंथावरील ‘लीलावती’ (१९८९) पाहताना मांड्यांच्या कोनात भूमिती दिसावी, ही त्यांची अपेक्षा असावी. दोन्ही कला येत असताना त्यांना एका कागदावर भेटू न देणे हा संयम ज्यांना साधला, त्यांच्यापुढे कोळसा घेऊन नाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एकदा तरी जाब विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखिकेने तो अनेकदा विचारला आहे आणि प्रत्येक वेळी कागदाचा मोह सुटला नाही, एवढेच उत्तर मिळाले आहे.

गोव्यात राहून काम करणारे निखिल चोप्रा यांनी तिसरी वाट काढली. त्यांचे आजोबा निसर्गचित्रकार होते आणि त्यांच्यावरून चोप्रा यांनी ‘योगराज चित्रकार’ हे पात्र उभे केले; हे पात्र वेश बदलते, जेवते, झोपते, दाढी करते आणि समोरचा भूप्रदेश कोळशाने प्रचंड कापडावर रेखाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांनी सलग नऊ दिवस मुक्काम करून असे काम केले. इथे नजर लपवण्याची गरजच उरत नाही, कारण पाहणारा कलावंत नसून पात्र असते आणि चित्रकाराच्या पात्राने चित्राकडे पाहणे हा अभिनयच ठरतो. ही युक्ती निर्दोष आहे. तिची किंमत अशी की नृत्य तिथून निघून जाते. दीर्घकाळ चाललेल्या त्या कामात थकवा, विधी, वेश हे सारे असते, लय मात्र क्वचित असते. तरीही चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये गोव्यात सुरू केलेल्या ‘एचएच आर्ट स्पेसेस’ने अशा कामाला राहायला जागा दिली, हे मोठेच काम होते, आणि २०२५ च्या कोची-मुझिरिस बिएनालेचे संयोजन याच मंडळींकडे आले, याचा आनंद मतभेदासह व्यक्त केला पाहिजे.

आनंद नाही तो छतावरच्या कॅमेऱ्याचा. अलीकडे या प्रकारचे काम वरून कसे दिसेल हे आधी ठरवून केले जाते. नर्तिका कागदाच्या मध्यभागी बसते, दोन्ही हातांनी सममित कंस काढत जाते आणि अर्ध्या तासात फुलासारखी आकृती तयार होते, जिची चित्रफीत हजारो लोक पाहतात. अशा कामात नजर कुठे असावी हा प्रश्नच मिटवून टाकलेला असतो, कारण ती छताला टांगलेली असते. शरीर तिथे कंपासपेटीतले साधन होऊन बसते, आणि तरुण मुलींना हेच नृत्य आणि हेच चित्र म्हणून शिकवले जात असेल तर ती घसरणच मानावी लागेल. याच्याशेजारी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१५ मध्ये सिमोन फोर्टी यांच्या १९६०–६१ च्या ‘डान्स कन्स्ट्रक्शन्स’ या नृत्यरचना संग्रहात घेतल्या, ही गोष्ट ठेवून पाहावी. ते काम टिकायचे तर एका शरीराने दुसऱ्या शरीराला शिकवले पाहिजे, हे त्या संग्रहालयाला मान्य करावे लागले. नुसती छायाचित्रे पुरली नाहीत.

गुडघे गेल्यावर प्रस्तुत लेखिकेचे काम बदलले ते असे. अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे खाली बसण्याची भरतनाट्यमची मूळ बैठक, दोन मिनिटेही धरता येईना, तेव्हा पाठीवर, कुशीवर, पोटावर राहून कागदावर काम सुरू झाले. भिंतीवरचा बिंदू त्या स्थितीत हरवला. डोळे कागदापासून वीतभर अंतरावर आले आणि न पाहणे अशक्य झाले. डोळे मिटून पाहिले, तर शरीराचा तोल बदलला आणि बघणाऱ्यांना अंधत्वाचे नाट्य दिसू लागले, जे या कामाला पूर्ण परके होते. मग नजर मागे ठेवण्याचा प्रयोग झाला. एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीत, हात किंवा टाच जी रेघ काढील ती डोळ्यांनी पुढच्या आवर्तनात वाचायची, आणि त्या वेळी हाताने दुसरीकडे, न पाहता, नवी रेघ काढायची. आदितालाच्या आठ मात्रांत हे जमते, मिश्र चापूच्या सातांत नजर घाईला येते. जमते तेव्हा कागदावरचे पंखे मोडतात, कारण शरीर एका जागी वाचत आणि दुसऱ्या जागी लिहीत असल्याने सांध्यांना आपल्या सोयीचे वळण घेता येत नाही. पण तिसऱ्या आवर्तनात डोळ्यांनी वाचलेले हाताला कळते आणि हात गुपचूप दुरुस्ती करू लागतो. ही दुरुस्ती पकडता येते. कोळसा तिथे जास्त दाबला गेलेला असतो, रेघ काळी आणि आत्मविश्वासाची असते, आणि दुर्दैवाने बघणाऱ्यांना तीच आवडते.

ती लेखिकेलाही आवडते, आणि सारा पेच तिथेच घट्ट होतो. तारुण्यातले कागद, ज्यांत उडीनंतर पाय फेकून काढलेल्या लांबच लांब रेघा आहेत, तिने जपून गुंडाळून ठेवले, त्यांतले काही प्रदर्शनात नव्या कागदांच्या शेजारी टांगले, आणि शरीर एके काळी कुठवर पोचत होते हे लोकांनी पाहावे, ही इच्छा त्यामागे होती. नवे कागद निवडतानाही तीच इच्छा काम करते: जिथे वय दिसत नाही ते पुढे येतात, जिथे हात अडखळून रेघ तुटली आहे ते मागे राहतात, आणि निवडणारी त्याला चित्राची पारख म्हणते. दृश्यकलेचे शिक्षण घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीने, जिला नृत्य येत नाही पण रेघेची समज जन्मजात आहे, मागे ठेवलेल्या गठ्ठ्यातून एक कागद उचलून हाच खरा असे सांगितले, तेव्हा तिचे म्हणणे मान्य करायला बरेच महिने गेले. त्या कागदावर टाच घसरून चुरलेला कोळसा होता, तळव्याच्या घामाचा डाग होता, आणि एकही दुरुस्ती नव्हती.

नाचताना नजर कुठे असावी याचे उत्तर नसले तरी नाचून झाल्यावर ती कुठे नसावी, हे या व्यवसायात ठरवता येते: ज्या शरीराने रेघ काढली त्याने तिची निवड करू नये. प्रस्तुत लेखिकेचे कागद आता तिच्या विद्यार्थिनी निवडतात, आणि त्यांनी रद्द केलेले कागद तिला दाखवले जात नाहीत.