'येणार नाही म्हणे'

आमचा भाचा हाँगकाँगला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. कँटनी भाषेचे शंभर-दीडशे शब्द त्याने पाठ केले, तरी सोबतचे कामगार म्हणायचे, तू बोलत नाहीस, हुकूम सोडतोस. रविवारी वंदना आटोपली की आम्ही फोनवर त्याच्याकडून एकेक वाक्य समजून घेऊ लागलो.

गोम वाक्याच्या शेपटीत आहे. 'सिक फान' म्हणजे जेवणे. नुसते म्हटले तर कोरडे. 'सिक फान ला' म्हटले की 'जेव ना' होते. 'म् सिक फान मे?' म्हणजे 'जेवत नाहीस की काय?' 'खोय लाय ग्वा' म्हणजे 'तो येईल वाटतं'. आणि 'खोय म् लाय वो', यातला 'वो' खालून वर चढवला की 'तो येणार नाही म्हणे'! बातमी दुसऱ्याची, जबाबदारी आपली नाही. आमच्या घरी सगळे हसले, कारण आईचे निम्मे बोलणे या 'म्हणे'वरच चालते. तोच 'वो' सपाट सुरात काढला तर 'बघ हं, तो येत नाही'.

आभारही दोन तऱ्हेचे. कोणी पाणी आणून दिले, वाट दिली, तर 'म् गोय'. भेटवस्तू दिली तर 'दो जे'. आपल्याकडे घरच्या माणसाने आभार मानले तर तो परकाच वाटतो, ते सोडा.

या मुलुखाच्या लोकांना हिणवणे जुने आहे. झेन परंपरेचे सहावे आचार्य हुइनेंग (६३८-७१३) याच ग्वांगदुंग प्रांतातले, लाकडे विकून पोट भरणारे, निरक्षर. धम्म शिकायला ते उत्तरेकडे गेले, तेव्हा दक्षिणेचा रानटी माणूस कसला बुद्ध होणार, असे त्यांना ऐकावे लागले, अशी परंपरा आहे. माणसे उत्तरेची-दक्षिणेची असतात, बुद्धत्वाला दिशा नसते, असे त्यांनी सुनावले.

'मे', 'ग्वा', 'वो' यांच्या अक्षरांना डाव्या अंगाला चौकोनी तोंडाचे चिन्ह असते. बोलण्यातले, म्हणून तोंड! पण शाळेच्या निबंधात ती चालत नाहीत. तिथे प्रमाण चिनीच लागते. आपल्या वस्तीतल्या पोरांच्या वहीत 'व्हतं', 'न्हाय' याखाली लाल रेघ येते, तीच गत. प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे, नोकरी तिच्यावर मिळते. म्हणून आमच्या अभ्यासिकेत आम्ही 'व्हतं' खोडत नाही. शेजारी 'होतं' लिहून देतो.