आजीचे गाठोडे

बी. ए. भाग २

आमच्या घरात माजघराच्या दाराआड एक खुंटी आहे. तिला बारा महिने एक गाठोडे टांगलेले असते. त्यात रेशनकार्ड, सातबाराचे उतारे, पत्र्याच्या डबीत काड्यांची पेटी, मेणबत्ती, गूळ, शेंगदाणे, एक दोरी आणि जुने लुगडे असते. मृग लागायच्या आधी आजी ते सोडते, शेंगदाणे बदलते आणि पुन्हा बांधून ठेवते. लहानपणी आम्ही मुले तिला हसायचो. "आजी, कुठं निघालीस?" असे विचारले की ती म्हणे, "निघायची येळ आली की इचारायला सवड गावत न्हाई."

आजीचे माहेर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेची धरणी हलली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कोयनानगर व आसपासची गावे पडली, सुमारे १८० माणसे गेली. आजीच्या घराची भिंत झोपलेल्या माणसांवर आली. ज्याने हातांनी दगडमाती उपसून तिला बाहेर काढले, तो तिच्या वडिलांचा भाऊबंद. दोघांचा बांधावरून कोर्टात दावा चालू होता. पुढे कित्येक दिवस ती दोन्ही घरे एकाच खोपीत राहिली व एकाच चुलीवर जेवली. आजी सांगते, "तवा कुणी कुणाचा पक्ष इचारला न्हाई. ढिगाऱ्याखालनं हाक आली की हात चालायचं."

लग्न होऊन ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या आमच्या गावी आली. पण कोयना तिच्या मागोमाग आली असेच म्हणावे लागेल. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि धरणातून सोडलेले पाणी आमच्याच दारावरून सांगलीला जाते. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. कोयनेतून किती सोडले? आणि आयर्विनला किती फूट? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल.

एवढे शहाणे गाव, पण गावात दोन पार्ट्या. चहाचे कट्टे दोन, गणपती दोन, दूध घालायच्या डेअऱ्याही दोन. आमचे अण्णा एका पार्टीचे. पलीकडच्या आळीचे तात्या दुसऱ्या पार्टीचे. पंचायतीच्या एका निवडणुकीनंतर दोघांचे बोलणे तुटले ते तुटलेच. तात्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्याशी बोलायचे नाही, अशी मला घरून ताकीद होती.

मित्रहो, आता जे लिहीत आहे ते मी आजवर फार थोड्यांना सांगितले आहे.

ऑगस्ट २०१९. मी आठवीत होते. एका संध्याकाळी नळावर ती मला म्हणाली, "कऱ्हाडच्या मामांचा फोन आलाय. लई पाणी सोडलंय म्हणं. जनावरं आजच वर माळावर न्यायला सांग तुझ्या अण्णांस्नी." मी घागर उचलली आणि घरी आले. निरोप सांगितला तर 'कुणी सांगितलं?' असे अण्णा विचारणार आणि मग मार बसणार, एवढेच माझ्या डोक्यात होते. मी निरोप सांगितलाच नाही.

पहाटे पाणी गोठ्यात शिरले. अंधारात अण्णांनी गाईचे दावे कापले, पण गाभण म्हैस आतल्या अंगाला होती. ती हाती लागली नाही. तिच्याच दुधावर आमचे घर चाले, माझ्या वह्या येत. सकाळी आम्ही माळवदावर बसलो होतो, तेव्हा गुऱ्हाळाची काहील पाण्यावर तरंगत आली. ती वल्हवीत होते तात्या! अण्णांनी मान फिरवली. आजीने खुंटीवरचे गाठोडे आधीच काखेत मारले होते. ती म्हणाली, "बस खाली काहिलीत. रुसायचं ते कोरड्यात रुस."

त्याच पुरात ८ ऑगस्टला आमच्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटली आणि सुटकेच्या वाटेवरची माणसे बुडाली. सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले. त्या मानाने एका म्हशीचे दुःख ते काय! पण मला रात्र रात्र झोप लागेना. शेवटी मी आजीला सारे सांगितले. ती रागावली नाही. माझा हात धरून तिने मला तात्यांच्या उंबऱ्यावर नेले आणि अण्णांनाही तिथेच बोलावले. तिथे मी रडत रडत सांगितले. अण्णा बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. तिला भ्या आम्हीच घातलं."

पुढे आम्ही दोघी मैत्रिणींनी एक वही केली. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोण बाळंतीण आहे, जनावरे किती, काहील कोणाकडे, ट्रॅक्टर कोणाकडे, फोन कोणी कोणाला करायचा. दोन्ही आळ्या फिरून ती भरली. जुलै २०२१ मध्ये आयर्विनचे पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. तेव्हा आमच्या आळीतले शेवटचे जनावर दिवसाउजेडी माळावर पोचले होते. घरात पाणी आले, भिंती खचल्या. पण दाव्याला बांधलेले एकही जनावर मागे राहिले नाही.

वाचनालयात मी वाचले, की अमेरिकेत काही माणसे जमिनीखाली कोठ्या बांधून त्यात महिनोन्‌महिने पुरेल असे धान्य साठवतात. काही डाव्या विचारांची, काही उजव्या. संकटात सरकार धावून येईल यावर दोघांचाही भरवसा नाही. हे वाचताना मला आजीचेच गाठोडे आठवले. तयारी हवीच, त्यात शंका नाही. पण आमच्या घरी २०१९ सालीही गाठोडे तयारच होते. कमी पडला तो एक निरोप.

आमच्या गावात आजही दोन झेंडे आहेत, निवडणुकाही जोरात होतात. अण्णा आणि तात्या मत वेगवेगळेच देतात. मात्र मृगाच्या आधी आजी शेंगदाणे बदलते, तेव्हा ती वहीही खाली काढली जाते आणि पहिले पान वाचायला तात्या आमच्या सोप्यात येऊन बसतात. अण्णा त्यांना चहा देतात. बोलणे मोजकेच होते, पण होते.