फणस कोणत्या बाजूला होता?

काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. आमचे सुपा गाव जलाशयात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. पुष्कळ कुटुंबे रामनगरला गेली. आम्ही उभयतांनी जोयड्यास घर बांधले.

पत्नीच्या निधनानंतर एकटे राहण्यातली मोकळीकही मला कळली. हवे तेव्हा उठावे, पेज-लोणच्यावर जेवण आटोपावे. विचारणारे कोणी नाही. बेळगावचा मुलगा आग्रहाने बोलावतो, पण घर सोडवत नाही.

एक गोष्ट मात्र एकट्याने साधत नाही. सुप्याच्या अंगणातला फणस विहिरीच्या उजवीकडे होता असे मी म्हणे, ती डावीकडे म्हणे. तीस वर्षे हा वाद मिटला नाही. आता खोडून काढणारे कोणी उरले नाही, आणि माझ्याच म्हणण्यावरचा माझा विश्वास उडत चालला आहे. बुडालेले घर दोघांच्या वादात उभे होते. एकट्याच्या आठवणीत ते हळूहळू विरते आहे.

परवा नातवाने सुप्याच्या घराचे चित्र काढायला घेतले आणि फणस कुठे काढू म्हणून विचारले. मी म्हणालो, ‘‘डावीकडे काढ.’’