रिकामं परतलेलं विमान

दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक पॅकेट विमान जपून ठेवलं आहे. आयके-४५०. मधे पोटाची भली थोरली पेटी, दोन्ही अंगांना मागे शेपटीपर्यंत गेलेले लांब दांडे आणि पाठीवर चढवलेलं एक जेट इंजिन. देखणं म्हणावं असं त्यात काही नाही. तरी माझा पाय तिथून निघेना.

उमरखेड हे माझ्या मामाचं गाव. मोठे मामा २ पॅरा (मराठा) या बटालियनमध्ये होते. पेन्शनीत आल्यावर पैनगंगेच्या बाजूच्या वावरात कापूस आणि हळद करत राहिले. त्यांना कमी ऐकू यायचं. ‘पॅकेटनं नेले कान,’ असं ते म्हणत, पण तक्रारीच्या सुरात कधी नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, पेरणीची तयारी चालू असताना ते गेले. त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची आम्हा सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की तेराव्याला जमलेल्या घरातही कुणाचा आवाज खाली येत नव्हता.

अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीची ही सी-११९, म्हणजेच पॅकेट, विमानं १९५४ पासून आपल्याकडे आली. रसद, दारूगोळा, जीप, माणसं, पडेल ते ओझं त्यांनी वाहिलं. लडाखच्या विरळ हवेत पंख्याची दोन इंजिनं कमी पडत, म्हणून पाठीवर तिसरं, जेटचं इंजिन बसवलं गेलं. नॅट या लढाऊ विमानात असायचं तेच ऑर्फियस, बंगळुरूच्या एचएएलमध्ये तयार होणारं. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. सोळा हजार फुटांहून उंच जागा! तोवर जगात एवढ्या उंचीवर कुणी विमान उतरवलं नव्हतं. राजेंचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

मामांना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. त्यांचं पॅकेट आतलं होतं. भिंतीला लागून बाकं, पाठीला पॅराशूट, छातीशी राखीव पॅराशूट, पायाशी सामानाचं गाठोडं आणि तळव्यातून थेट दाढांपर्यंत चढणारी थरथर. तेलाचा वास, आणि कुणाची तरी उलटी. मग उभं राहायचं, वरच्या तारेत स्टॅटिक लाइनचा हुक अडकवायचा, पुढच्याचं पॅराशूट तपासायचं. लाल दिवा, मग हिरवा. ‘आतमधी काईच आयकू येत नाही. पुढचा हालला का आपण हालायचं,’ ते सांगत. आणि एक गोष्ट नेहमी सांगत: ‘पॅकेटात चढलो लय वेळा, पण त्याच्यातून जमिनीवर उतरलो थोड्याच वेळा.’

बांगलादेशच्या युद्धात, ११ डिसेंबर १९७१ ला दुपार कलताना टांगाईलवर त्यांची बटालियन उतरली. पॅकेट, डाकोटा, एएन-१२, कॅरिबू अशा विमानांतून सातशेच्या आसपास जवान. लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा होता, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याला मागे हटणारं पाकिस्तानी सैन्य वाटेतच अडलं असतं. पूल हाती आला, आणि १६ तारखेला याच बटालियनचे जवान ढाक्यात शिरले. मामांना मात्र आठवायचं ते खालचं ओलं धानाचं शेत, आणि पॅराशूट गोळा करायला मदतीला धावून आलेली गावची माणसं.

१९८४ मध्ये एएन-३२ आली आणि पॅकेटचे दिवस भरत आले. जी मोडीत निघाली त्यांचा पत्रा वितळला. एखाददुसरं राहिलं. उभ्या विमानाचाही जीव हळूहळू जातो. रबर कडक होतं, खिडक्यांची काच पिवळी पडते, सांध्यांत गंज धरतो. धुऊन, रंगवून पत्रा टिकवता येतो आणि तो टिकवलाच पाहिजे, कारण तो नसता तर मला हात लावायला काय उरलं असतं? पण टांगाईलच्या वेळच्या ज्या पिढीनं आत बसून ती थरथर अंगावर घेतली, तिच्यातली धाकटी माणसं आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. पुसद, हदगाव, उमरखेड अशा गावांतून ती एकेक करून चालली आहेत, आणि त्यांचं ऐकून कुणी लिहून ठेवत नाही, याचं मला दुःख आहे.

उमरखेडला गेलो तेव्हा मामींना मोबाइलवर फोटो दाखवला. संसार झाला, पण त्यांनी हे विमान पाहिलं नव्हतं. चष्मा पुसून त्यांनी नीट पाहिलं. ‘ह्यातून उडी मारत होते?’

‘हो. मागच्या ह्या दारातून.’

‘सगळेच?’

‘सगळेच, मामी. एकामागून एक.’

त्या थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंग पायलट रिकामं विमान घिऊन वापस गेला आसंल. त्याले कसं वाटलं आसंल रे?’