संडूर : लाल मातीचा हिरवा डोंगर

बेंगळुरूहून रात्रीच्या हंपी एक्स्प्रेसमध्ये बसलात, की सकाळी होस्पेटला उतरता. बहुतेक प्रवासी तिथून हंपीची वाट धरतात. एकदा तुम्ही दक्षिणेकडे वळा. तासाभराच्या आत रस्ता डोंगरात शिरतो, हवा थोडी गार होते आणि बल्लारी जिल्ह्याच्या रखरखीत माळावर असं हिरवं खोरं कुठून आलं, असा प्रश्न पडतो. हेच संडूर. 1934 मध्ये महात्मा गांधी इथे आले होते आणि ‘संडूर बघायचं तर सप्टेंबरात’ असं म्हणाले होते, अशी आठवण इथले लोक आवर्जून सांगतात. पाऊस नुकताच सरलेला असताना गेलात, तर ते पटतं.

नकाशा उघडून पाहा. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या डोंगरांच्या दोन जवळजवळ समांतर रांगा आणि त्यांच्या मधे खोरं, अशी इथली रचना दिसेल. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर. नारीहळ्ळ नावाची छोटी नदी हे डोंगर कापून वाहते. तिने कोरलेल्या अरुंद खिंडींना कन्नडमध्ये ‘गंडी’ म्हणतात. त्यातली भीमगंडी नि ओबळगंडी ही नावं लक्षात राहण्यासारखी आहेत.

खिंडी अडवणारे घोरपडे

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचं आडनाव भेटतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्धोजी घोरपड्यांनी हा मुलूख घेतला. त्यांचे पुत्र म्हणजे गुत्तीचे प्रसिद्ध मुरारराव घोरपडे. 1776 मध्ये हैदरअलीने गुत्ती जिंकली आणि मुराररावांना कैद करून कब्बाळदुर्गावर ठेवलं. तिथेच त्यांचा शेवट झाला. हा कब्बाळदुर्ग बेंगळुरूहून एका दिवसात पाहून येण्याजोगा आहे. किती तरी मराठी तरुण शनिवार-रविवारी तो चढून येतात, पण तिथे कोण कैदेत होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

संडूर नंतर पुन्हा घोरपड्यांकडे आलं. 1815 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी कुमारस्वामीच्या यात्रेचं निमित्त काढून इकडे मोर्चा वळवला. मनात संस्थान घेण्याचा बेत होता. शिवराव घोरपड्यांनी तो ओळखला आणि विरोधाला उभे राहिले. खिंडी अडवल्या की आत शिरायला वाट नाही, हीच संडूरची तटबंदी होती. पुढे पेशवाईच बुडाली. हे चिमुकलं संस्थान मात्र 1949 पर्यंत टिकलं. या घराण्याची आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा : त्रावणकोरचा मंदिरप्रवेशाचा गाजलेला जाहीरनामा 1936 चा. त्याच्या आधीच संडूरच्या राजांनी आपली मंदिरं दलितांसाठी खुली केली होती.

दगडातले पट्टे

आता डोंगराकडे नीट पाहू. बेंगळुरूत राहत असाल, तर लालबागेतल्या खडकावर तुम्ही बसला असालच. तो सुमारे 300 कोटी वर्षांचा. संडूरचे खडक त्याहून थोडे तरुण, सुमारे 270 कोटी वर्षांचे. त्या काळी इथे समुद्र होता. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी सूर्यप्रकाशावर जगताना प्राणवायू सोडला, की पाण्यातलं लोह गंजल्यासारखं होऊन तळाशी बसे. एक थर लोहाचा, एक थर सिलिकाचा, पुन्हा लोहाचा. म्हणून इथल्या दगडावर लाल-काळे-करडे पट्टे दिसतात, जणू कुणी इरकली लुगड्याची घडी घातली आहे.

मग समुद्र गेला, थर दाबले गेले, वाकले, उभे राहिले. आजूबाजूचा मऊ खडक झिजून सपाट झाला, पण पट्ट्यांचा हा कणखर दगड झिजायला तयार नव्हता. तोच आज डोंगर म्हणून उभा आहे. माथ्यावरच्या थरांतलं सिलिका युगानुयुगांच्या पावसाने धुऊन नेलं आणि मागे उरलं ते उत्तम प्रतीचं हेमॅटाइट. त्याचा तुकडा हातात घ्या. तेवढ्याच ग्रॅनाइटपेक्षा तो जवळजवळ दुप्पट जड भरतो.

इथेच सगळी मेख आहे. ज्या लोखंडामुळे हा डोंगर टिकला, त्याच लोखंडासाठी तो खणला जातो. आणि उत्तम खनिज माथ्याकडे असल्यामुळे खाणीची सुरुवात डोंगराचं डोकं काढण्यापासून होते.

खाणींची शंभर वर्षं

भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात बल्लारी जिल्हा पायाखाली घालून इथल्या खनिजाची नोंद केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगनीज निघू लागलं. 1954 मध्ये घोरपडे घराण्याने स्वतःची खाण कंपनी काढली. 1977 मध्ये दोणिमलईची सरकारी लोहखाण सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांची चूल खाणीवर पेटली, हे विसरून चालणार नाही.

मग 2000 नंतर चीनची मागणी वाढली, भाव चढले आणि डोंगर अक्षरशः ट्रकमध्ये भरून बंदराकडे निघाला. परवान्याच्या हद्दी ओलांडून, जंगलात घुसून खणलं गेलं. शेतांवर, पिकांवर लाल धुळीचा थर बसला. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै 2011 मध्ये लोकायुक्तांच्या अहवालाने राज्याचं 16,000 कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाल्याचं मांडलं. मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि न्यायालयाने बल्लारीतल्या खाणी थांबवल्या. 2013 मध्ये सर्वांत मोठे उल्लंघन करणारे परवाने रद्द झाले. बाकीच्यांना उत्पादनाची मर्यादा आणि डोंगराची डागडुजी करण्याची अट घालून परवानगी मिळाली.

बाकी राहिलेला डोंगर

गोष्ट इथे संपत नाही. पश्चिम घाटातलं कुद्रेमुख आठवतं? तिथली लोहखाण न्यायालयाच्या आदेशाने 2005 अखेर बंद झाली. तीच सरकारी कंपनी आता संडूरच्या देवदारी डोंगरात खाण मागते आहे. त्यासाठी सुमारे 400 हेक्टर वनजमीन आणि 99 हजारांच्या घरात झाडं जाणार आहेत. 2024 मध्ये कर्नाटक सरकारच्या वनखात्याने जमीन द्यायला हरकत घेतली. गावातही दोन मतं आहेत. कुणाला नोकरी हवी आहे, कुणाला झरे.

झऱ्यांची काळजी उगाच नाही. माथ्यावरचा सच्छिद्र दगड आणि त्यावरचं जंगल पावसाचं पाणी मुरवून ठेवतं, मग ते हळूहळू खाली सोडतं. नारीहळ्ळचं पाणी पुढे दरोजीच्या तलावात जातं. जवळच 1994 मध्ये स्थापन झालेलं अस्वलांचं अभयारण्य आहे. संडूर घराण्यातले आणि पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झालेले एम. वाय. घोरपडे उत्तम वन्यजीव छायाचित्रकार होते. खाणमालकाच्या घरातला माणूस जंगलाचे फोटो काढत राहिला, हेही याच डोंगराचं चित्र.

तुम्ही जाल तेव्हा कुमारस्वामीचं प्राचीन मंदिर पाहा. शेजारीच त्याच्या आईचं, पार्वतीचं देऊळ आहे. गावात लमाणी बायकांचं भरतकाम मिळतं, ते घ्या. आणि परत निघण्याआधी मुलांना दोन गोष्टी दाखवा : एका बाजूला दाट झाडीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. आपल्या घरातला तवा, जिन्याचा कठडा, छपरातली सळई अशाच कुठल्या तरी डोंगरातून आली आहे, हेही सांगा. लोखंड आपल्याला लागणारच. पण ते वितळवून पुन्हा वापरता येतं. डोंगराचा माथा एकदा उतरवला, की तो पुन्हा चढवता येत नाही.