राजहंसगडाची उतरण

बेळगावात माउंटन बाईक घेतली की पहिलं नाव निघतं येळ्ळूरच्या राजहंसगडाचं. दोन वर्षं चालवून माझाही हात बसला होता. मागच्या पावसाळ्यात गड चढलो आणि उतरताना डांबरी रस्ता सोडून पायवाट धरली. ओल्या लाल मातीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला, मनगट मोडलं.

तेव्हापासून वाट निवडताना मी आधी उतार बघतो. एकदा पायी फिरून यायचं. सुटे दगड किती, पाण्यानं चर कुठं पडलेत, अवघड वळणाआधी थांबायला जागा आहे का? जिथं बूट घसरतो, तिथं चाकही घसरतं.

यंदा दिवाळीनंतर, माती सुकल्यावर, धाकट्या भावाला घेऊन गेलो. एका वळणावर दोघंही उतरून सायकली हातानं खाली आणल्या. बाकीची वाट मात्र मजेत उतरलो.